वरची आशाबाई

लग्न होऊन आशा पिंपरी पेंढारला आली तेव्हा गावामागच्या टेकडीवर करवंदीच्या जाळ्या आणि दगड याशिवाय काही नव्हतं. जमीन घरचीच, पण वाटणीला बसले असते तर ती कुणी मागून घेतली नसती. आशाचं माहेर निरगुडसरचं, पाटाच्या पाण्याचं. नव्या नवरीला नवऱ्यानं, दादाभाऊंनी, पहिल्यांदा कुठं नेलं असेल तर त्या टेकडीवर. वर पोचेस्तोवर तिला धाप लागली. दादाभाऊ मात्र कमरेवर हात ठेवून असे उभे, की जसा काही राजवाडाच दाखवायला आणलाय.

"हितं द्राक्षं लावायची," ते म्हणाले.

"ह्या दगडात?"

"दगडातच. खालच्या द्राक्षात साखर लई भरती, पण आंबटपणा पळून जातो. हितं रातचं गार पडतं. आंबटपणा टिकतो."

द्राक्ष आंबट राहावं म्हणून जीव टाकणारा माणूस तिनं तोवर पाहिला नव्हता. तिला हसू आलं आणि तो माणूस आवडलाही.

दादाभाऊ शेतकी शिकलेले. नारायणगावकडच्या एका वायनरीत नोकरीला होते, तिथंच त्यांना हा नाद लागला. सुटीच्या दिवशी पहार घेऊन टेकडीवर जायचे, दगड काढायचे, उताराला ताली, म्हणजे दगडी बांध, घालायचे. नव्वद सालानंतर एकेक ताल करत त्यांनी सगळा उतार लावून काढला. द्राक्षं पांढऱ्या वाइनची, नावं परदेशी. सोव्हिन्यो आणि शेनिन. गावातल्या पोरांनी त्यातल्या एकीचं 'सावित्री' करून टाकलं होतं. द्राक्षं वायनरीला जायची, तोवर घरात कुणाची तक्रार नव्हती. सासू साळुबाई गळ्यात माळ घातलेल्या, एकादशी न चुकवणाऱ्या. पण शेतातलं पीक बाहेर जाऊन त्याचं काय होतं ते बघायला त्या कशाला जातात?

दोन हजार सालानंतर सरकारनं वाइनचे नियम सैल केले आणि दादाभाऊंनी नोकरी सोडली. टेकडीवर पत्र्याची शेड घालायची, टाक्या बसवायच्या, आपल्या द्राक्षांची वाइन आपणच करायची. त्यांनी हे घरात जेवताना सांगितलं. साळुबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"माळ घातलेल्या घरात दारू गाळणार तू?"

"गाळायची न्हाई आई. आंबवायची."

"आंबवली काय न् गाळली काय, चढतीच ना? तुज्या बापानं कधी बिडीला हात लावला न्हाई. आता लोकं माज्या दारावरनं जाताना म्हणतील, ही दारूवाल्याची आई."

थोरले भाऊ कुंडलिक मध्ये पडले. भांडण त्यांना नको होतं. त्यांनी शांतपणे तोडगा काढला, आणि तो भांडणापेक्षा वाईट ठरला. टेकडी दादाभाऊंची, खालची शेती कुंडलिकांची. दादाभाऊंनी वरच राहावं. तेजस्विनी, म्हणजे दादाभाऊ-आशाची एकुलती एक मुलगी, शाळा खाली असल्यामुळे आजीपाशी राहील.

"आणि त्या जागेत मी पाण्याचा घोटसुद्धा घेणार न्हाई," साळुबाई म्हणाल्या.

तेजस्विनी तेव्हा सातवीत होती. सामान भरलेल्या ट्रॅक्टरमागं ती वेशीपर्यंत आली आणि तिथून वळून मैत्रिणींबरोबर शाळेत गेली. आशा ट्रॉलीत गादीच्या वळकटीवर बसलेली होती. लेकीची लाल रिबीन दिसेनाशी झाली तरी तिचा हात आपला हलतच राहिला.

टेकडीवर शेडला लागून दोन खोल्या. रात्री वारं पत्र्यावर आपटायचं. उसातून उठलेला बिबट्या कधी तालीवरून जायचा, सकाळी पावलं दिसायची. त्याची भीती आशाला लवकर गेली. सवय झाली नाही ती शांततेची. दादाभाऊ आठवड्यातले निम्मे दिवस पुण्या-मुंबईला असायचे. वाइन करणं एक आणि ती हॉटेलवाल्यांच्या गळी उतरवणं दुसरं. ते नसले की टाक्यांकडे बघणं आशाकडे यायचं. थंडावा किती आहे, रस उकळ्या मारतोय की मंदावलाय, हे ती बघू लागली. टाकीच्या वरच्या नळीतून रस आंबताना सुटणारा वायू पाण्यात बुडबुडत बाहेर यायचा. दिवसभरात कानावर पडणारा तेवढाच एक आवाज.

वाइन चाखायची मात्र तिला लाज वाटायची. दादाभाऊंनी पेला पुढं केला की ती पदर तोंडाला लावायची.

"प्यायची न्हाई गं. तोंडात फिरवायची न् थुंकायची. आदी नुस्ता वास तर घे."

तिनं वास घेतला. बराच वेळ घेतला.

"पेरू," ती म्हणाली. "पिकलेला न्हाई. जून हिरवा असतो ना, तो मोडल्यावर येतो तसा. आणि मागनं हिरव्या मिरचीचं देठ."

दादाभाऊंनी पेला खाली ठेवला आणि टाळी वाजवली. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी मोठ्यानं वाजवली. त्या दिवसानंतर ते बाहेरगावहून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "काय म्हणतीय तुजी टाकी?" दोघांचा संसार तसा त्या टाक्यांभोवतीच झाला, आणि ते नसायचे तेव्हा तो तिच्या एकटीचा असायचा.

गाव तिनं सोडलं नव्हतं, गावानं तिला हळूहळू सोडलं. हळदीकुंकवाचं बोलावणं आधी उशिरा आलं, मग पोरासोरांच्या हाती आलं आणि एका संक्रांतीला आलंच नाही. खाली तेजस्विनीला भेटायला गेली की साळुबाई आतल्या खोलीत निघून जायच्या. तेजस्विनी अभ्यासाचं सांगायची, चुलतबहिणीच्या साड्यांचं सांगायची. "वर ये ना एक दिवस," आशा म्हणायची. "येते की," ती म्हणायची. सुटीत यायची आणि दुसऱ्या दिवशी कंटाळून उतरायची.

मनमोकळं बोलणं व्हायचं ते बानूबाईशी. पावसाळ्यात तिची मेंढरं शेजारच्या माळावर असायची. भिजलेलं घोंगडं झटकत ती शेडच्या दारात बसायची, तंबाखू मळायची आणि आत डोकावून म्हणायची, "काय गं, तुजी कासंडी भरली का?" टाक्यांना ती दूध काढायची कासंडीच म्हणायची. दिवाळी झाली की कळप घाट उतरून कोकणात जायचा आणि आशा पुन्हा एकटी. एका पावसाळ्यात बानूबाई आली ती हात हलवत. पोरं चाकणच्या कंपनीत लागली होती, मेंढरं विकली होती. "पोरांकडं चालले," ती म्हणाली. "खोली हाय म्हणं तिसऱ्या माळ्यावर. तिथनं काय दिसंल गं?" दोघींनी चहा घेतला. त्यानंतर ती दिसली नाही.

दादाभाऊ गेले ते मात्र त्याच्या आधी, दोन हजार सहाच्या जानेवारीत.

मुंबईच्या एका हॉटेलात दाखवायला नमुन्याच्या बाटल्या घेऊन ते गेले होते. खोका आशानंच भरून दिला होता, बाटल्यांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. परतताना उरलेल्या बाटल्यांचा खोका घेऊन माळशेजमार्गे एसटीनं आले, फाट्यावर उतरले आणि छातीत कळ येऊन तिथंच कोसळले. खोका हातातून सुटला, बाटल्या फुटल्या, वाइन अंगावर सांडली. भर दुपार, माणसांनी भरलेला फाटा. लोकांनी बघितलं, बाटल्यांच्या काचा दिसल्या, वास आला. "भर दुपारीच लावून पडलाय," कुणी म्हणालं. कुणी हसलं. एकानं काचा तेवढ्या पायानं बाजूला सारल्या, गाड्यांच्या टायरला लागू नयेत म्हणून. बऱ्याच वेळानं गावातला जीपवाला रखमाजी तिथून जात होता, त्यानं ओळखलं आणि उचललं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

हे रखमाजीनंच तिला सांगितलं, दहाव्याच्या दिवशी, मान खाली घालून. सांगितलं नसतं तरी तिला कळलं असतं. दादाभाऊंना खाली अंगणात ठेवलं होतं तेव्हा ती जवळ वाकली, आणि त्यांच्या सदऱ्याला पेरूचा वास येत होता.

साळुबाई भिंतीला टेकून एकच वाक्य म्हणत होत्या, "दारूनं नेला माजा लेक." त्यांना थांबवायला कुणी धजत नव्हतं. आशानंही थांबवलं नाही. ज्यानं उभ्या आयुष्यात चाखून थुंकण्यापलीकडे काही केलं नाही, तो दारू पिऊन पडलाय असं समजून कुणी उचललं नाही म्हणून मेला, हे कुणाला आणि कसं सांगायचं?

महिना उलटायच्या आत कुंडलिक टेकडीवर आले. दारातच उभे राहिले.

"आशा, जे झालं ते झालं. माल एखाद्या वायनरीला देऊन टाकू. टाक्या इकू. तू खाली ये. तेजू हाय, आई हाय. एकटीनं हितं राहून काय करणार?"

ते वाईट बोलत नव्हते. आशाच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. ती म्हणाली, "भावजी, चार दिस द्या."

ते गेल्यावर ती तालीवर गेली. घड पिवळसर पडायला लागले होते. तिनं एक मणी तोंडात टाकला, बी दातानं फोडलं. आंबटपणा तस्साच होता, जिभेच्या कडेला झिणझिण्या आणणारा. एवढे दगड फोडून त्या माणसानं तो टिकवला होता. यंदा वाइन झाली नाही तर त्याच्यामागं फाट्यावरच्या लोकांनी पाहिलेलं तेवढंच उरणार, असं तिच्या मनात आलं. ती तिथंच बांधावर बसून रडली आणि मग उठून क्रेट धुवायला लागली.

गावातल्या बायका तोडणीला आल्या नाहीत. रखमाजीनं डिंगोऱ्याहून जीप भरून बायका आणल्या. पहाटेच्या गारव्यात तोडणी व्हायची, ऊन चढायच्या आत द्राक्षं दाबून रस टाकीत. दादाभाऊ कसे करायचे ते आठवत, चुकत, पुन्हा करत आशानं ते उरकलं. रस चांगला आंबायला लागला. आणि मार्चच्या उन्हात लोडशेडिंग सुरू झालं.

पांढऱ्या वाइनला गारवा लागतो. टाकी तापली की सगळा सुगंध उडून जातो, मागं उरतं ते आंबट पाणी. जनरेटर दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी खोकून बंद पडला. आशानं मिस्त्रीला फोन लावला, तो ओतूरला होता. तिनं घरातली झाडून सगळी पोती काढली, भिजवली आणि टाक्यांना गुंडाळली. हौदातून बादली भरायची, पोत्यांवर ओतायची, पुन्हा हौद. पोती बघता बघता वाळत होती.

हौदापाशी वाकलेली असताना तिला पायवाटेवर कुणीतरी येताना दिसलं. डोक्यावर पदर, हातात काठी. साळुबाई. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्या का आल्या होत्या ते आशाला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही त्यांनी सांगितलं नाही. आल्या त्या शेडच्या दारात थांबल्या.

"काय करतीयास?"

"टाकी तापलीय, आत्या. लाइट न्हाई."

साळुबाई आत आल्या. शेडभर तो वास कोंदलेला होता, पण त्यांनी नाकाला पदर लावला नाही. टाकीजवळ गेल्या, पोतं बाजूला करून पत्र्यावर तळहात ठेवला. मग कान लावला. आत बारीक खळखळ चालू होती.

"जित्तं हाय का गं ह्ये?"

"व्हय."

"त्यानं लावल्यालं?"

"द्राक्षं त्यांची. आंबवायला मी घातली."

साळुबाईंनी काठी भिंतीला लावली, पदर कमरेला खोचला. "तापलेल्या पोराला असं भसाभसा वतत्यात का पाणी? चिंधी पिळून फिरव. मी फिरवते, तू भरून दे." आणि संध्याकाळी मिस्त्री येईस्तोवर ती म्हातारी बाई टाकीभोवती ओलं फडकं फिरवत राहिली. मधे आशानं तांब्या पुढं केला. साळुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि उभ्यानंच वरून धार धरून पाणी प्यायल्या.

जनरेटर सुरू झाला तशा त्या निघाल्या. आशा वाटेपर्यंत गेली. तिला वाटलं, आता काही बोलतील. "उतारावर दगड सुटल्यात," एवढंच म्हणून साळुबाई उतरल्या. त्या पुन्हा कधी वर आल्या नाहीत, खाली कुणाला सांगितलंही नाही. आशा खाली गेली की आतल्या खोलीत निघून जायच्या, ते मात्र थांबलं. तिथंच, तिच्याकडे पाठ करून, गहू निवडत बसायच्या. पुढच्या वर्षीच्या थंडीत त्या गेल्या.

त्या साली वाइन वाचली. उत्तम झाली असं नाही, पण वाचली. पुण्यातल्या एका दुकानदारानं चाखून बघितली आणि 'दरवर्षी पाठवा' म्हणाला. आशानं मग दरवर्षी केली. बाटल्या थोड्या होत्या, तेच तिच्या पथ्यावर पडलं. दोन हजार नऊच्या सुमाराला मोठमोठ्या वायनऱ्यांनी माल उचलणं थांबवलं, आजूबाजूच्या लोकांनी वाइनच्या बागा कुऱ्हाडीनं तोडल्या. टेकडीवरची बाग राहिली.

त्याच साली तेजस्विनीचं लग्न ठरलं. मुलगा डिंगोऱ्याचा, नोकरी भोसरीला. कुंडलिकांनीच जमवलं होतं. बैठकीच्या आदल्या दिवशी तेजस्विनी स्वतः वर आली. बराच वेळ ती खाटेच्या दोरीशी चाळा करत बसली.

"आई, त्यांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"काय ते?"

"तू काय करतेस ते."

आशानं तिच्याकडे पाहिलं. बापाचं कपाळ होतं पोरीचं.

"द्राक्षबाग हाय म्हण. खोटं न्हाई ते."

लग्नात आशा निळं काठापदराचं पातळ नेसून मांडवाच्या कडेला उभी होती. कन्यादान कुंडलिक आणि त्यांच्या बायकोनं केलं, विधवेला कोण बसवणार? वरमाईच्या बहिणीनं जवळ येऊन गोड बोलत विचारलं, "तुमी वर टेकडीवर ऱ्हाता म्हणं. काय असतं तिथं?"

"द्राक्षबाग," आशा म्हणाली.

"खायची द्राक्षं?"

"व्हय," ती म्हणाली. दादाभाऊंना फाट्यावर ओलांडून गेलेल्या माणसांत आपणही एक झालो, असं तिला वाटलं. पंगती उठायच्या आधीच ती रखमाजीला म्हणाली, "मला वर सोड." पाठवणीला ती नव्हती.

तेजस्विनीनं त्याचा राग धरला. फोन यायचा तो सणावाराला, कामापुरता. आणि मग पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी पांढरी गाडी टेकडीची चढण चढून आली. जावई उतरला. हसऱ्या तोंडाचा पोरगा.

"आई, माझ्या ऑफिसातल्या साहेबांकडं तुमची बाटली बघितली मी! तुम्ही सांगितलं का नाही? दाखवा ना कसं करता ते."

आशानं त्याला शेड दाखवली. तो प्रत्येक टाकीला हात लावून बघत होता, मोबाइलवर फोटो काढत होता, पेल्यातली चाखून 'लय भारी' म्हणाला. आशाचं लक्ष गाडीकडे होतं. तेजस्विनी उतरली नव्हती. आशा पाण्याचा तांब्या घेऊन गाडीपाशी गेली. काच खाली झाली.

"उतर ना गं."

"नको. वास येतो."

पाऊस बारीक पडत होता.

"आई," तेजस्विनी समोर काचेकडं बघत म्हणाली, "बाबा गेले तेव्हा चौदाव्याला मी शाळेत गेले होते. वर्गात एकीनं मागनं म्हटलं, हिचा बाप पिऊन मेला. सगळ्या हसल्या. मी घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. आजीला काय सांगणार? आणि तू वर होतीस."

"त्यांनी थेंब घेतला नव्हता, तेजू."

"मला माहितीय. मला पहिल्यापासनं माहितीय." तिचा आवाज चढला आणि मग बसला. "पण मला तू हवी होतीस खाली. ह्या टाक्यांपाशी नको होतीस."

टाक्या तुझ्या बाबांसाठी केल्या, असं ती म्हणू शकली असती. ते खरंही होतं. पण पोरीनं जे मागितलं होतं ते त्या उत्तरात कुठंच नव्हतं. आशानं खिडकीतून हात घालून लेकीच्या गुडघ्यावर ठेवला. तेजस्विनीनं तो बाजूला केला नाही. तिनं तांब्या घेतला, पाणी प्याली, परत दिला.

"दिवाळीला येशील?" आशानं विचारलं.

"बघते."

जावई हातात दोन बाटल्या घेऊन आला, पाया पडला. गाडी वळली आणि ताली ताली करत खाली गेली. आशा शेडमध्ये आली. तळाचा गाळ मागं ठेवून शेनिन दुसऱ्या टाकीत घ्यायची होती, आज ना उद्या ते करावं लागणारच होतं. तिनं नळी धुतली, पंप लावला. स्वच्छ पिवळी धार पडायला लागल्यावर पेला खाली धरला, वास घेतला आणि थोडी तोंडात फिरवली. यंदाची फार चांगली उतरली होती, इतक्या वर्षांतली सगळ्यात चांगली. ती थुंकली नाही. गिळली, आणि पंपाचा आवाज ऐकत पायरीवर बसून राहिली.